सॉरी म्हणजे चूक कबूल केली का?

पत्र:

ताई, आम्ही नाशिकहून कॅनडात मिसिसागाला येऊन वर्ष होत आलं. मी एका डेंटल क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कवर काम करते. इंग्लिश मीडियममध्येच शिकले, बोलायला अडत नाही, पण इथे आल्यापासून एका साध्या शब्दाने वात आणलाय. सॉरी. फेब्रुवारीत माझे बाबा गेले, मला जाता आलं नाही. कामावर परत गेले तेव्हा सोबतची एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, ‘आय अ‍ॅम सो सॉरी’, आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘नो नो, इट्स नॉट युअर फॉल्ट’. ती गप्पच झाली. मला रात्रभर कसंतरी होत राहिलं. मग मागच्या महिन्यात ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घेताना दुसऱ्या गाडीला घासली, मी उतरून सॉरी सॉरी म्हटलं, तर घरी आल्यावर हे इतके चिडले! म्हणे सॉरी म्हणालीस म्हणजे चूक कबूल केलीस, आता इन्शुरन्सवाले आपल्यालाच धरणार. आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा. परवा त्याच्यावर विनाकारण ओरडले, नंतर कळलं की त्याने काही केलंच नव्हतं. जवळ घेतलं, त्याच्या आवडीचा शिरा केला, तर म्हणतो, ‘आई, यू नेव्हर से सॉरी.’ वर माझा उच्चार चुकतो म्हणे, सॉरी नाही, सोरी. या शब्दाचा नक्की अर्थ काय ताई, आणि तो म्हणायचा कधी?

ता. क. क्लिनिकमधल्या एकीचा कुत्रा गेला, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड फिरतंय. त्यावरही सॉरीच लिहायचं का?

एक वाचक, मिसिसागा

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी तुझ्या बाबांचं. वाचून फार वाईट वाटलं. इतक्या लांब राहून, शेवटचं दर्शनही न होता हे सोसायचं म्हणजे किती अवघड असतं ते तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि तरी तू चार दिवसांत कामावर जाऊन डेस्कवर बसलीस, लोकांना हसून अपॉइंटमेंट दिल्यास.

आता बघ, मी आत्ता म्हटलं ‘वाईट वाटलं’, तेव्हा तुझ्या मनात आलं का की ताईची काय चूक यात? नाही ना. तुझ्या त्या सहकारी बाईने अगदी हेच म्हटलं होतं, तिच्या भाषेत. गोंधळ एवढ्यासाठीच होतो की आपण शाळेत सॉरी शिकलो ते फक्त एकाच प्रसंगासाठी. उशीर झाला, सॉरी टीचर. धक्का लागला, सॉरी. गृहपाठ राहिला, सॉरी. म्हणजे आपल्याकडे हा शब्द आला तोच मुळी चुकीला चिकटून आला, आणि कोणी सांत्वन करायला तो वापरला की आपला मेंदू पहिल्यांदा चूक कोणाची ते शोधायला लागतो. तुझं उत्तर त्या सवयीतून आलं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, आणि खरं सांगू का, बाहेरून तिथे गेलेले कितीतरी लोक पहिल्यांदा हेच उत्तर देतात.

शब्दाचं मूळ बघितलं ना की बरंच मोकळं होतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये हा शब्द ‘सारिग’ असा होता आणि तो आला ‘सार’ या शब्दावरून, सार म्हणजे दुखणं, वेदना, जखम. त्याच ‘सार’चा आजचा इंग्लिश शब्द ‘सोअर’, घसा दुखतो तेव्हा आपण म्हणतो ना सोअर थ्रोट, तोच. म्हणजे सॉरीचा पहिला अर्थ आहे दुखावलेला, मनाला लागलेलं असा माणूस. कोणी दुखवलं, कोणाची चूक, हे त्यात मुळात नव्हतंच, फक्त दुखतंय एवढंच होतं. पापाबद्दलचा पश्चात्ताप हा अर्थही त्याला खूप जुना आहे, पण तोही त्याच वाटेने आलेला, मी केलं त्याचं मलाच दुखतंय, अशा अर्थी.

बहुतेकांना वाटतं सॉरी हा ‘सॉरो’ म्हणजे दुःख या शब्दावरून आला. ऐकायलाही तसंच वाटतं आणि अर्थही जुळतो. पण ते दोन वेगळे शब्द आहेत. सॉरोचं जुनं रूप ‘सोर्ग’, जर्मनमध्ये आजही ‘झोर्गे’ म्हणजे काळजी, चिंता. शेजारी राहून राहून दोघे एकमेकांसारखे दिसायला लागले इतकंच. आणि गंमत बघ, जर्मन लोक ‘खूप’ म्हणायला जो ‘झेअर’ शब्द दिवसभर वापरतात तोसुद्धा सोअरच्याच घराण्यातला आहे, आधी ‘दुखेल इतकं’ आणि नंतर नुसतं ‘खूप’. आपण नाही का म्हणत भयंकर आवडलं, आणि त्यात भय कुठेच नसतं.

हां, उच्चाराचं. तुझा मुलगा तिथल्या शाळेत जातो तर तो सोरीच म्हणणार, कॅनडात तसंच म्हणतात, टुमॉरोचंही ते ‘टमोरो’ करतात. अमेरिकेत ‘सारी’च्या जवळ जातं, इंग्लंडमध्ये आखूड ‘सॉरी’, आणि आपलं सॉरी त्या इंग्लंडच्याच उच्चाराच्या जवळचं आहे. तुझं काहीही चुकत नाहीये. मुलाला हवं तर हेही सांग की त्याच्या तोंडचा सोरी त्या सोअरसारखा ऐकू येतो, त्याला मजा वाटेल.

मग चुकीचा अर्थ इतका पुढे कसा आला? तर आधी लोक पूर्ण वाक्य बोलायचे, मला अमुक गोष्टीचं दुःख आहे, मी तुला तमुक केलं याचं मला वाईट वाटतं. पुढे ते तुटत तुटत एकोणिसाव्या शतकात नुसतं ‘सॉरी’ एवढंच उरलं आणि ते एकटंच माफीचं काम करायला लागलं. तिकडे दुःखाचं कामही चालूच राहिलं. म्हणजे आज एकाच शब्दाला दोन नोकऱ्या आहेत, एक ‘मला वाईट वाटतंय’ आणि दुसरी ‘माझं चुकलं’, आणि ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ओळखायचं की आत्ता कुठली. शिवाय बारीकसारीक कामं आहेतच, ऐकू आलं नाही की आवाज वर नेऊन ‘सॉरी?’, गर्दीतून वाट काढताना ‘सॉरी’, कोणाला काही विचारायच्या आधी ‘सॉरी, इज धिस सीट टेकन?’. तुला फ्रंट डेस्कवर फोनवर ऐकू आलं नाही तर ‘व्हॉट?’ न म्हणता ‘सॉरी?’ म्हण, किती फरक पडतो बघ.

आपल्या मराठीत अगदी असाच प्रवास केलेला एक शब्द आहे, दिलगिरी. फारसीत दिलगीर म्हणजे ज्याचं मन धरलं गेलंय असा, उदास, खिन्न. जुन्या मराठी पत्रांत, बखरींत दिलगीर होणं म्हणजे दुःखी होणं. आणि आज पेपरात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात काय असतं? ‘आम्ही दिलगीर आहोत.’ दुःखातूनच माफी. म्हणून मला सॉरीचा हा दुहेरी स्वभाव परका वाटत नाही, आपणही तसेच आहोत, फक्त घरात बोलताना दिलगीर कोणी म्हणत नाही.

एक अभ्यास मला फार आवडतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या संशोधकांचा. पावसाळी दिवशी रेल्वे स्टेशनवर एक माणूस अनोळखी लोकांकडे फोन करायला मोबाइल मागायचा. निम्म्या लोकांना तो थेट विचारायचा, तुमचा फोन मिळेल का. उरलेल्यांना आधी म्हणायचा, ‘आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट द रेन’, आणि मग फोन मागायचा. थेट मागितल्यावर ९ टक्के लोकांनी दिला. पावसाबद्दल सॉरी म्हटल्यावर ४७ टक्के लोकांनी. आता पाऊस काय त्याने पाडला होता का! कोणालाही तसं वाटलं नाही. पण तू भिजतोयस हे माझ्या लक्षात आलंय आणि त्याचं मला काहीतरी वाटतंय, एवढं त्या शब्दाने पोचलं आणि अनोळखी माणसाने खिशातला फोन काढून दिला. तुझ्या सहकारी बाईचं सॉरी या जातीचं होतं. त्याला उत्तर एकच, ‘थँक यू’. जमलं तर पुढे एक वाक्य, ‘थँक यू, इट मीन्स अ लॉट’, किंवा बाबांबद्दल काहीतरी छोटंसं. आता दोनतीन महिने उलटून गेले असले तरी तिच्याकडे जाऊन म्हणायला हरकत नाही की त्या दिवशी तू माझा हात धरलास ते मला खूप बरं वाटलं, मी तेव्हा भलतंच काहीतरी बोलले, आमच्याकडे सॉरी फक्त चूक झाली की म्हणतात. तिला कळेल, आणि ती गप्प झाली होती ती रागाने नाही, तिला बिचारीला वाटलं असेल की आपण काही चुकीचं बोललो की काय.

एक जपायचं मात्र. ‘आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस’ हे सांत्वन झालं, पण ‘आय फील सॉरी फॉर यू’ म्हटलं की त्यात कीव येते, बिच्चारी तू असा सूर लागतो. आणि एखाद्या वस्तूला किंवा अवस्थेला सॉरी म्हटलं, सॉरी स्टेट वगैरे, तर ते दैना झालेलं, केविलवाणं या अर्थाने. हाही जुनाच अर्थ आहे.

आता या दोन अर्थांमुळे देशादेशांत काय काय झालंय ते ऐक, म्हणजे तुला कळेल की तू एकटी यात अडकलेली नाहीस. १ एप्रिल २००१ ला चीनच्या हाइनान बेटाजवळ अमेरिकेचं एक टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान हवेत एकमेकांवर आदळलं. चिनी वैमानिक वांग वेई गेला. अमेरिकन विमान कसंबसं हाइनानच्या धावपट्टीवर उतरलं, परवानगी न मिळताच, आणि आतल्या २४ जणांना चीनने अडकवून ठेवलं. चीन म्हणाला माफी मागा मग सोडतो. अमेरिका म्हणाली आमची चूकच नाही तर माफी कसली. झालं, दोन्ही सरकारांची शब्दांवर घासाघीस सुरू, आणि शेवटी अमेरिकेच्या राजदूताने जे पत्र दिलं त्यात दोन ठिकाणी ‘व्हेरी सॉरी’ होतं, एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल त्याच्या घरच्यांना आणि चिनी लोकांना, आणि एकदा तोंडी परवानगी नसताना त्यांच्या हद्दीत शिरून विमान उतरवल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना सांगितलं, बघा त्यांनी माफी मागितली. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही वाईट वाटल्याचं कळवलं, माफी नाही मागितली. आणि शब्द पत्रात तोच! ११ दिवस अडकलेली माणसं घरी गेली. लोक याला फसवाफसवी म्हणतात पण मला तसं वाटत नाही, गेलेल्या माणसाच्या बायकोला ‘आम्हाला फार वाईट वाटतं’ असं कोणीतरी म्हणायलाच हवं होतं, चूक कोणाची याचा निकाल लागेपर्यंत ते थांबवून ठेवायचं का?

पण उलट बाजूही आहे, आणि ती आपल्याला जास्त टोचते. जालियनवाला बागेला शंभर वर्षं व्हायची होती तेव्हा, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे त्यांच्या संसदेत म्हणाल्या की जे झालं त्याचा आम्हाला तीव्र खेद आहे. ‘डीपली रिग्रेट’. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन उभे राहून म्हणाले की स्पष्ट, पूर्ण माफी मागा. ती मागितली गेली नाही. १३ एप्रिल १९१९ ला बंद बागेत माणसांवर गोळ्या घातल्या, तिथे गोळ्या घालणारा कोण, हुकूम देणारा कोण, सगळं माहीत आहे, आणि अशा ठिकाणी नुसतं ‘दुःख झालं’ म्हणणं म्हणजे जणू ते आपोआप घडलं आणि आपण लांबून बघून हळहळलो. अशा वेळी दुःखाचा शब्द पुरत नाही, ‘आम्ही केलं’ हे दोन शब्द लागतात.

तुझ्या कॅनडातलंच बघ. १९१४ साली कोमागाता मारू नावाचं जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं, बहुतेक सगळे पंजाबातले शीख, ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन. दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून बहुतेकांना उतरूही न देता जहाज परत पाठवलं, आणि कोलकात्याजवळ बजबजला पोचल्यावर तिथे पोलिसांच्या गोळीबारात कितीतरी जण मेले. २००८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सरे गावातल्या एका बागेत, मेळाव्यात माफी मागितली तर तिथल्या तिथे लोकांनी सांगितलं की अशी नको, पार्लमेंटमध्ये मागा. ती मे २०१६ मध्ये जस्टिन ट्रूडोंनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये मागितली, त्या प्रवाशांना अडवणाऱ्या कायद्यांना कॅनडाचं सरकार जबाबदार होतं असं सांगून. शब्द दोन्ही वेळा माफीचाच होता. लोकांना तो कुठे उभं राहून आणि कशाची जबाबदारी घेऊन म्हटला जातोय ते बघायचं होतं.

आणि औपचारिक माफीसाठी जो शब्द आहे ना, ‘अपॉलॉजी’, त्याचा जन्म तर आणखीच उलटा. ग्रीक भाषेत अपोलोगिया म्हणजे कोर्टात आपल्या बचावाचं भाषण. सॉक्रेटिसवर इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये खटला चालला, त्यातल्या त्याच्या भाषणाला हेच नाव आहे, आणि त्यात त्याने अजिबात माफी मागितलेली नाही, मी केलं ते बरोबर केलं असंच ठणकावून सांगितलं. इंग्लिशमध्येही सोळाव्या शतकात हा शब्द आला तो बचाव याच अर्थाने, माफी नंतर झाली. म्हणून कधी कोणाची लांबलचक ‘अपॉलॉजी’ वाचली आणि त्यात सगळा स्वतःचाच बचाव दिसला तर ते मूळपदावर गेलेत असं समजायचं.

आता पार्किंग. यजमानांना हे वाचायला दे. त्यांची भीती अगदी हवेतली नाही, गाडीच्या इन्शुरन्सच्या कागदांत चूक कबूल करू नका असं सांगितलेलं असतं, आणि सॉरी म्हटलं तर कोर्टात अंगाशी येईल या धास्तीने लोक जखमी माणसासमोरही तोंड मिटून उभे राहायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्ये पहिल्यांदा कायदा केला की अपघातानंतर कोणी सहानुभूतीचे शब्द बोललं तर ते पुरावा म्हणून वापरायचे नाहीत. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये, आणि तुमच्या ऑन्टारिओत २००९ चा अपॉलॉजी अ‍ॅक्ट आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की सॉरी म्हणणं, खेद किंवा सहानुभूती दाखवणं म्हणजे चूक किंवा जबाबदारी कबूल करणं धरलं जाणार नाही, दिवाणी दाव्यात चूक ठरवायला ते विचारात घ्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे त्यामुळे तुमचं इन्शुरन्सचं कव्हर रद्द किंवा कमी होत नाही. शिवाय ऑन्टारिओत अपघातात इन्शुरन्ससाठी चूक कोणाची ते ठरवायला सरकारी नियम ठरलेले आहेत, कुठली गाडी कुठे होती, कोण रिव्हर्स घेत होतं, धडक कशी बसली, यावरून ते ठरतं, कोण काय म्हणालं यावरून नाही. तेव्हा तू रिव्हर्स घेत होतीस म्हणून कदाचित चूक तुझ्याकडे लागेलही, पण ती गाडीच्या जागेमुळे, तुझ्या सॉरीमुळे नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. हे कवच दिवाणी बाबींसाठी आहे, ट्रॅफिकचा गुन्हा किंवा फौजदारी प्रकरण असेल तर लागू नाही. आणि सॉरी म्हणणं वेगळं, तिथे उभं राहून ‘मी आरशात बघितलंच नाही, मी फोनवर होते’ असं सविस्तर सांगत बसणं वेगळं. उतर, आधी विचार ‘आर यू ओके?’, सॉरी म्हण, नंबर आणि इन्शुरन्सची माहिती द्या-घ्या, फोटो काढ, कंपनीला कळव. कोणाला लागलं असेल किंवा प्रकरण वाढलं तर मग वकिलाला विचारायचं. आणि यजमानांना म्हणावं ताईने सांगितलंय, घाबरलेल्या बायकोला आधी तुला लागलं नाही ना असं विचारायचं असतं.

तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर वॉटर्लू युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या दोन संशोधकांचा २०१० मधला अभ्यास या निमित्ताने आठवला. सगळे म्हणतात बायका फार सॉरी म्हणतात, म्हणून त्यांनी मुलामुलींना रोजची नोंद ठेवायला लावली. बायकांनी सॉरी जास्त वेळा म्हटलं हे खरं निघालं. पण चूक झालीये असं एकदा वाटलं की सॉरी म्हणण्याचं प्रमाण दोघांचं सारखंच होतं, फरक एवढाच की पुरुषांना मुळात ‘ही चूक आहे’ असंच कमी वेळा वाटत होतं. म्हणून तू उतरल्या उतरल्या सॉरी म्हणालीस यात काही कमीपणा मानू नकोस.

आता तुझा मुलगा, आणि मला वाटतं पत्र तू खरं यासाठीच लिहिलंस. आपल्या घरांत आईबाप मुलांना सॉरी म्हणत नाहीत हे खरंच आहे. रागवायचं, नंतर कळायचं की लेकराची चूक नव्हती, मग संध्याकाळी शिरा, नाहीतर झोपताना डोक्यावरून हात, ‘जेवलास का’ असा मऊ आवाज. आपण सगळे त्या शिऱ्यावर वाढलो आणि त्याचा अर्थ आपल्याला बरोबर कळायचा. कुणाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, तोंडाने काही बोलत नाही, तीही माफीच आहे. पण तुझ्या मुलाच्या वर्गात रोज शब्दाने सॉरी म्हटलं जातं, टीचरसुद्धा मुलांना म्हणतात, त्यामुळे त्याला शिरा मिळाला, माफी मिळाली नाही. तो तुला दोष देत नाहीये गं, तो तुझ्याकडून काहीतरी मागतोय, आणि ते देण्यासारखं आहे.

कसं म्हणायचं ते सांगते. नुसतं ‘सॉरी बाळा’ म्हणू नकोस. मघाशी आपण बघितलं ना, सॉरी या शब्दाच्या मुळात ‘मी केलं’ हे नाहीच, त्यात फक्त दुखणं आहे. ते तुला वेगळं बोलावं लागेल. आणि ‘सॉरी, पण तू पण ना...’ असा पण येऊ द्यायचा नाही, पण आला की आधीचं सगळं पुसलं जातं. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हेही नको, यातलं ‘असेल तर’ फार लागतं समोरच्याला, म्हणजे वाटलं हाच तुझा दोष असं होतं. मी किती दमले होते, आजोबा गेल्यामुळे मन ठिकाणावर नव्हतं, हे सगळं खरं आहे, पण ते नंतर कधीतरी सांग, माफीत मिसळू नकोस.

मराठीत आपल्याकडे ‘चुकलं माझं’ आहे, आणि त्यात जबाबदारी ठणठणीत आहे, चूक आणि माझी, दोन्ही. कमी पडतं तर दुखणं. म्हणून दोन्ही एकत्र कर. आज रात्री त्याच्याजवळ बसून म्हण, ‘परवा मी तुझ्यावर ओरडले, तू काहीच केलं नव्हतंस. चुकलं माझं. आय अ‍ॅम सॉरी.’ एवढंच. सोरी म्हण हवं तर, त्याच्या उच्चारात. मग थांब, तो काय म्हणतो ते ऐक. ‘इट्स ओके’ म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही, किंवा उठून खेळायला जाईल, त्याच्याकडून लगेच माफ केलं असं वदवून घ्यायला जाऊ नकोस. आणि पुढच्या वेळी शिराही कर, तो बंद करायचा नाही.

कार्डाचं राहिलं. हो, सॉरीच लिहायचं, ‘सो सॉरी फॉर युअर लॉस’ हे कुत्र्यासाठीही चालतं, तिथे लोकांना कुत्रं घरच्यासारखंच असतं. पण तीच ओळ कार्डावर दहा जणांनी लिहिलेली असेल, म्हणून तू कुत्र्याचं नाव विचारून घे आणि नावानिशी लिही, आणि ती त्याचे फोटो दाखवायची किंवा जेवताना त्याच्या काही गोष्टी सांगायची असेल तर त्यातली एक तुझ्या शब्दांत लिही. इंग्लिश साधं असलं तरी चालेल. कार्ड पुढे जायच्या आत उद्याच लिहून टाक.